रंधा मशीनच्या आधी सुकवणीचा, भुशाचा आणि हाताचा विचार व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यात माझी एक छोटी लाकूड गिरणी आहे. वडिलांनी सुरू केलेली ही गिरणी गेली एकवीस वर्षे मी चालवतो, आणि चार वर्षांपूर्वी तिला लागूनच आम्ही रंधकामाची, म्हणजे चिरलेल्या फळ्या यंत्राने तासून सरळ आणि गुळगुळीत करण्याची, शेड उभी केली. तेव्हापासून मंडणगड, खेड, गुहागर या बाजूंचे पाच-सहा गिरणीवाले आणि काही तरुण सुतार ती शेड पाहून गेले. येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मशीन कोणती घेतली आणि केवढ्याला पडली. लाकूड किती महिने सुकवता, भुसा कुठे जातो, मशीनपुढे उभा राहणाऱ्या माणसाचा हात कशाने राखता, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. मीही शेड उभारताना हे प्रश्न स्वतःला विचारले नव्हते. त्यापायी माझे पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे माझ्या एका माणसाची बोटे गेली. कोकणात आणखी काही गिरण्या आता या कामात उतरू पाहत आहेत, म्हणून हा अनुभव आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत, तसेच त्यांना कर्ज आणि प्रशिक्षण देणाऱ्यांपर्यंत पोहोचावा, अशी विनंती आहे.

या शेडची गरज आम्हाला कशी कळली, ते आधी सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच दुपारी आमच्या तालुक्यातल्या बागा आडव्या झाल्या. आजोबा-पणजोबांच्या हातचे रायवळ आंबे आणि दोन माणसांच्या कवेत न मावणारे फणस मुळासकट उपटून रस्त्यांवर आणि घरांवर पडले होते. त्यातले पुष्कळसे लाकूड जळाऊ म्हणून ट्रक भरून बाहेर गेले. आमच्या गिरणीत जे आले ते आम्ही रात्रंदिवस चिरले, पण चिरून झाल्यावर त्या ओल्या फळ्या ठेवायच्या कुठे, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पाऊस सुरू झालेला होता. आंब्याच्या फळ्या आठ-दहा दिवसांत निळ्या-काळ्या बुरशीने डागाळल्या, पाठोपाठ भुंगा लागला, आणि अखेर तो माल सेंट्रिंगसाठी व खोक्यांसाठी मिळेल त्या भावाने काढावा लागला. त्याच वर्षी घरे पुन्हा उभी करणारी माणसे बाजारातून प्लायवूडची दारे आणि कांडला बंदरातून येणारा न्यूझीलंडचा रंधलेला पाईन विकत घेत होती. ज्या घरावर फणस पडला, त्याच घराला परक्या देशातल्या लाकडाची चौकट बसत होती, आणि हे मी माझ्या गिरणीच्या दारातून पाहत होतो. आमच्याकडे लाकूड होते, करवत होती, गिऱ्हाईकही समोर उभे होते. नव्हती ती सुकवणीची सोय आणि रंधा.

सागाची गोष्ट निराळी आहे. त्याला आधीपासून मान आहे, भाव आहे, वन विभागाचे आगार आहेत, आणि तो विकायला रंध्याची वाट पाहावी लागत नाही. प्रश्न आहे तो आंबा, फणस, आकेशिया, ऐन अशा गावठी लाकडाचा. खरखरीत चिरलेली फणसाची फळी पाहून गिऱ्हाईक भावाची घासाघीस करते, पण तीच फळी रंधून तिचा हळदीसारखा पिवळा रंग आणि रेषा उघड्या पडल्या की देव्हाऱ्यासाठी, कपाटासाठी तिला आपणहून मागणी येते. छोट्या गिरणीने रंधकामात उतरण्याचे खरे कारण एवढेच आहे. मजुरी गावात राहते आणि झाडाच्या मालकालाही दोन पैसे अधिक मिळतात.

आता यंत्राविषयी थोडे, कारण मोठा गैरसमज तिथेच आहे. आड्यावरून, म्हणजे ओंडके चिरणाऱ्या मोठ्या करवतीवरून, उतरलेली फळी कधीच एकसारखी नसते. पात्याच्या खुणा असतात, एका टोकाला जाडी आठ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तर दुसऱ्या टोकाला नऊ सूत भरते, आणि सुकताना ती थोडीफार वाकते किंवा पिळवटते. अशी फळी सरळ करण्याचे काम दोन टप्प्यांत होते. आधी सरफेस प्लेनरवर तिची एक बाजू आणि एक कड काटकोनात साधून घ्यायची, आणि मग ती साधलेली बाजू खाली ठेवून थिकनेसरमधून दुसरी बाजू काढायची, म्हणजे जाडी एकसारखी येते. पुष्कळ जण पैसे वाचवण्यासाठी फक्त थिकनेसर घेतात. थिकनेसरचे रूळ पिळलेल्या फळीला दाबून सपाट करतात, पाती वरची बाजू गुळगुळीत करतात, आणि रुळांतून बाहेर पडताच फळी पुन्हा पहिल्यासारखी पिळते. गुळगुळीत झाली म्हणून ती सरळ झाली असे होत नाही. घेणाऱ्या सुताराला हे दुसऱ्याच दिवशी कळते आणि तिसऱ्या दिवशी माल परत येतो. थोडक्या भांडवलात काम करायचे असेल तर दोन्ही कामे करणारी जुनी पण ठोस बीडाची मशीन घ्यावी, एकाच कामाची नवी चकचकीत मशीन घेऊ नये, असे माझे मत आहे.

परवानगीविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून देशभरातल्या लाकूड गिरण्यांवर कडक नियंत्रण आले, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढल्यानंतर राज्यस्तरीय समित्यांमार्फत हे काम चालते. रंध्याने गोल ओंडका चिरला जात नाही, हे खरे आहे. तरीही गिरणीच्या आवारात नवी शेड आणि नवे यंत्र येणार असेल, तर ते वन विभागाला आधी लेखी कळवावे. मी जागेचा नकाशा जोडून अर्ज दिला, आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच पाया खणला. त्याचबरोबर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जमिनीची अकृषिक नोंद आणि वाढीव वीजभार ही कामेही आधी उरकून घ्यावीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे आहेत. त्यामुळे तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास यांची प्रत प्रत्येक ओंडक्यासोबत ठेवायची, आणि रंधलेला माल बाहेर जातानाही त्याचे मूळ कोणत्या नोंदीत आहे ते दाखवता आले पाहिजे. कागद पक्के नसतील तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

माझी पहिली मोठी चूक सुकवणीत झाली. शेड तयार झाल्यावर पहिल्याच सप्टेंबरात पुण्याच्या एका कुटुंबाने गावच्या आंब्याच्या लाकडाची दोन दारे मागितली. झाड त्यांच्याच परसातले, वादळात पडलेले, त्यामुळे त्या लाकडात त्यांचा जीव गुंतला होता. फळ्या चिरून अडीच महिने झाले होते, हाताला कोरड्या लागत होत्या, म्हणून आम्ही त्या रंधल्या आणि सुताराने सुंदर दारे करून दिली. मार्चमध्ये त्यांचा फोन आला. दहा इंच रुंदीच्या फळ्यांमध्ये दोन सुतांच्या फटी पडल्या होत्या आणि एक दार पिळून चौकटीला घासत होते. मी जाऊन पाहिले. फटीतून पलीकडच्या खोलीतला उजेड दिसत होता. त्या घरातल्या आजींनी मला एक शब्दही उणा बोलला नाही, फक्त फटीवरून बोट फिरवून विचारले, "आमच्या आंब्याचंच लाकूड वाईट होतं का हो?" लाकूड वाईट नव्हते, आम्ही घाई केली होती. त्यांचे पैसे मी परत केले आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या उरलेल्या फळ्यांची दारे करून दिली. तो प्रश्न मात्र अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. ताज्या लाकडात, त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. त्यातले पोकळ्यांतले पाणी आधी निघून जाते आणि तोवर लाकूड फारसे आक्रसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की तंतूंच्या भिंतींतले पाणी निघू लागते, आणि खरे आक्रसणे तिथून सुरू होते. वार्षिक वलयांच्या दिशेने ते आक्रसणे गाभ्याच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट असते, म्हणूनच फळीची पन्हळ होते. आम्ही पुण्याला पाठवलेली दारे वीस टक्क्यांच्या पुढच्या ओलाव्यावर रंधलेली असणार. पुण्याच्या उन्हाळी हवेत त्यांनी उरलेले पाणी सोडले आणि त्या आक्रसल्या. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात हवेतल्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून कोणत्या कामाला किती ओलाव्याचे लाकूड चालेल ते दिलेले आहे. कोकणात राहणारे दार आणि घाटावर जाणारे दार यांना एकाच कोरडेपणाचे लाकूड चालत नाही, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावे.

ओलावा हाताने कळत नाही. त्यासाठी दोन टोचण्यांचे छोटे ओलावामापक यंत्र मिळते, आणि ते रंध्याच्या पात्यांच्या एका जोडापेक्षा फार महाग नसते. तेही नसेल तर फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापावा, सोनाराच्या काट्यावर वजन करावे, आणि १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवून पुन्हा वजन करावे. १३० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला, तर लाकडात ३० टक्के ओलावा होता. तुकडा टोकाचा घेऊ नये, कारण टोक आधी सुकते आणि आपल्याला फसवते.

आता आमची पद्धत अशी आहे. चिराई शक्यतो डिसेंबरात करतो. फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी रंग फासतो, नाहीतर टोकाने पाणी भराभर जाऊन चिरा पडतात. आंब्याच्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढतो, म्हणजे भुंगा लागत नाही. जमिनीपासून फूटभर उंच जांभ्याच्या ओट्यावर थप्पी लावतो, प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालतो, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात येतील याची काळजी घेतो. पट्टी चार बोटे इकडेतिकडे झाली तरी त्या जागी फळी वाकते आणि पुढे रंध्याखाली तिचा निम्मा जीव जातो. थप्पीच्या वर छप्पर असते, बाजूंना मोकळी हवा आणि माथ्यावर वजन. इंची फणस अशा थप्पीत एप्रिलअखेर सोळा टक्क्यांच्या आसपास येतो. दोन इंची मालाला पुढचा उन्हाळाही पाहावा लागतो. प्रत्येक थप्पीवर चिराईची तारीख खडूने लिहिलेली असते आणि ती तारीख पाहिल्याशिवाय फळी रंध्यावर जात नाही. आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे सुकलेला मालही जून ते सप्टेंबर बंद खोलीत ठेवावा लागतो, नाहीतर हवेतून तो पुन्हा पाणी पितो.

शेडची लांबी ठरवतानाही मी चुकलो. मशीन पाच फुटांची, म्हणून पंचवीस फुटांची शेड पुरेल असा हिशेब केला. पण बारा फुटी फळी मशीनमध्ये शिरण्याआधी तिला बारा फूट लागतात आणि बाहेर पडल्यावर आणखी बारा फूट. पहिल्याच दिवशी फळीचे टोक भिंतीवर आदळले आणि आम्हाला पूर्वेकडच्या भिंतीत खिडकी फोडावी लागली. आजही लांब फळ्या त्या खिडकीतून बाहेर जातात आणि तिथे एक माणूस त्या झेलायला उभा असतो. ज्यांना नवी शेड बांधायची आहे त्यांनी आधी जमिनीवर दोरी टाकून, आपली सर्वांत लांब फळी घेऊन हा रस्ता चालून पाहावा. मशीनखाली स्वतंत्र काँक्रीटचा पाया हवा, जोते रस्त्यापेक्षा उंच हवे, आणि पश्चिमेला छपराची वळचण लांब काढलेली हवी. उजेड उत्तरेकडून घ्यावा. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटखाली फिरती पाती कधीकधी थांबल्यासारखी दिसतात. हा डोळ्यांचा भ्रम असतो, पण तो जिवावर बेतू शकतो.

आमच्या भागातले बहुतेक लाकूड परसातले असते, आणि परसातल्या झाडाच्या पोटात काय असेल ते सांगता येत नाही. कपडे वाळत घालायची तार, झोपाळ्याचा आकडा, जुन्या कुंपणाचा खिळा, सगळे काही झाड स्वतःत ओढून घेते. फणसाच्या फळीवर निळसर काळा डाग दिसला की आमचा मिस्त्री मशीन बंद करायला सांगतो, कारण लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिनचा संयोग झाला की असा डाग उमटतो. एकदा अशा डागापाशी त्याने पटाशीने अर्धा इंच खणले आणि आत चौकोनी डोक्याचा, लोहाराने घडवलेला जुना खिळा सापडला. तो डाग दिसला नसता तर पात्यांचा संच तर गेलाच असता, शिवाय तुटलेला तुकडा कोणाच्या अंगात शिरला असता ते सांगता येत नाही. हातात धरायचा धातुशोधक मिळतो, तो प्रत्येक रंध्याच्या शेडमध्ये असावा. पाती बोथट झाल्यावरही काम रेटत राहणे ही आणखी एक वाईट सवय आहे. बोथट पाते आंब्याची उलटी रेषा उपटून काढते, लाकूड जाळते आणि फळी मागे फेकते.

भुशाविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. करवतीचा भुसा जड असतो, तो खाली पडतो. रंध्याचे छिलके दिसायला निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्यासोबत जी बारीक पूड उडते ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. या धुळीमुळे नाकाच्या आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आमच्या धंद्यातली किती जुनी माणसे नाक सतत चोंदलेले, पहाटे खोकल्याची उबळ, अशा तक्रारी घेऊन जगली, आणि आम्ही सगळे त्याला "भुशाचा त्रास" म्हणून सोडून देत आलो. माझ्या वडिलांनाही तो होता. त्यांच्या उशाशी असलेली वाफाऱ्याची पितळी तपेली मला लहानपणापासून आठवते.

धूळ मशीनच्या तोंडाशीच ओढून घेणे हा यावरचा खरा उपाय आहे. तोंडाला रुमाल बांधल्याने बारीक पूड अडत नाही. दोन्ही मशीनना झाकण, त्यातून निघणारा पत्र्याचा पाइप, शेडबाहेर पंखा आणि हवा गोल फिरवून छिलके खाली पाडणारे भोवरा-पात्र, आणि बारीक पुडीसाठी कापडी पिशव्या, अशी ती रचना असते. पाइपात हवेचा वेग सेकंदाला सुमारे वीस मीटर राहिला नाही तर छिलके वळणावर साचतात आणि पाइप तुंबतो. त्यामुळे पंखा किती अश्वशक्तीचा आणि पाइप किती व्यासाचा हे जाणत्या माणसाकडून काढून घ्यावे, अंदाजाने करू नये. कोरडी पूड मोटारीवर साचली तर आग लागते, म्हणून रोज संध्याकाळी मोटारी आणि तुळया साफ करायच्या. आवारात बिडी-सिगारेट अजिबात चालू द्यायची नाही. छिलक्यांना गिऱ्हाईक आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला आणि काजू कारखान्यांच्या बॉयलरसाठी ते जातात. बोरॅक्समध्ये बुडवलेल्या लाकडाचे छिलके मात्र वेगळे ठेवावेत, ते कोंबड्यांखाली घालू नयेत.

बोटांविषयी लिहिताना मला आजही जड जाते. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून असलेला एक माणूस सरफेस प्लेनरवर फूटभराचा तुकडा साधत होता. पात्यावरचे संरक्षक झाकण मीच काढून ठेवायला सांगितले होते, कारण त्याने काम हळू होत होते. तुकड्यात गाठ होती. पात्याने ती पकडली, तुकडा मागे उडाला, आणि त्याच्यावर जोर देणारा डावा हात पुढे सरकला. दोन बोटांची टोके गेली. कटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता रूळ, मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो, त्याच्यापुढे माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. दवाखान्याच्या बाहेर त्याची बायको मला म्हणाली, "दादा, मशीन बंद होतं ना?" मला तिच्याकडे पाहवले नाही. त्या वेळी कामगारांचा विमाही आम्ही उतरवलेला नव्हता. खर्च आम्ही केला, तो माणूस आजही आमच्याकडे थप्पीचे काम पाहतो, पण त्याच्या दोन बोटांची भरपाई कशानेही होणार नाही.

त्या दिवसापासून झाकण काढायचे नाही, आणि सव्वा फुटापेक्षा आखूड तुकडा मशीनवर न्यायचा नाही. फळी पुढे सरकवायला मुठीचा लाकडी ठोकळाच वापरायचा, तळहात पात्यावरून न्यायचा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरते पाते मोज्यासकट हात ओढून घेते. लांब बाह्या आणि गळ्यातला पंचा चालत नाही. मशीन बंद केल्यावरही कटर काही काळ फिरत राहतो, आणि शेजारी आडा चालू असेल तर त्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो थांबलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भुसा झाडायचा नाही. बंद करण्याचे मोठे लाल बटण गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर बसवले आहे. कानाला बोळे आम्ही सक्तीचे केले आहेत. पाच-सहा माणसांच्या शेडमध्ये हे सगळे तपासायला बाहेरून सहसा कोणी येत नाही, म्हणून मालकानेच ते रोज पाहायचे असते.

यात कर्ज देणाऱ्यांचाही भाग आहे. शेडसाठी मी एका बँकेत प्रकल्प अहवाल दिला, तेव्हा यंत्राच्या कोटेशनला तत्काळ मान्यता मिळाली. थप्पीची शेड, धूळ ओढणारी रचना आणि ओलावामापक या तीन बाबींवर मात्र काट मारली गेली. या खर्चाने उत्पादन वाढत नाही, असे मला सांगण्यात आले. ते सांगणारे अधिकारी सज्जन होते, त्यांना या धंद्याची माहिती नव्हती एवढेच. पण परिणाम असा झाला की यंत्र आले आणि बाकीचे दोन वर्षे लांबले, आणि वर सांगितलेली दारे व बोटे त्याच दोन वर्षांत गेली. जिल्हा उद्योग केंद्राने आणि बँकांनी रंधकामाच्या कोणत्याही प्रकल्पात सुकवणीची जागा, धूळ ओढण्याची सोय, यंत्रावरची झाकणे आणि कामगारांचा विमा हे यंत्राच्या किमतीचेच भाग मानावेत, आणि त्यांच्याशिवाय कर्ज मंजूरच करू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

दुसरी मागणी शिकवण्याची आहे. दापोलीत डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे. लाकडाचे शास्त्र जाणणारी माणसे आमच्या गिरणीपासून काही मैलांवर आहेत, आणि आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या अंदाजाने फळ्या सुकवतो आहोत. त्यांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मिळून गिरणीवाले व त्यांचे कामगार यांच्यासाठी तीन-चार दिवसांचा वर्ग घ्यावा, आणि त्यात ओलावा मोजणे, थप्पी लावणे, पाती बसवणे व हात राखणे हे प्रत्यक्ष करून घ्यावे. वर्ग उन्हाळ्यात ठेवला तर चिराईचा हंगाम आणि पाऊस या दोहोंच्या मध्ये माणसे मोकळी असतात. जाण्या-येण्याचा खर्च आम्ही करू.

तिसरी गोष्ट, प्रत्येक छोट्या गिरणीला सुकवणीची भट्टी परवडणार नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या सुकवण-भट्टीची रचना फार पूर्वीच विकसित केली आहे. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्राची तरतूद आहे. तिच्या आधारे चार-पाच गिरण्यांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी अशी एक भट्टी उभारली, तर पुन्हा एखादे वादळ आले तरी पडलेले आंबे-फणस जळाऊ लाकूड म्हणून जाणार नाहीत. निसर्गनंतर अकराच महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने हेच कोकण पुन्हा झोडपले होते, हे विसरून चालणार नाही. यासाठी मी आमच्या भागातल्या तीन गिरणीवाल्यांशी बोललो आहे आणि त्यांची तयारी आहे. आणखी कोणाची असेल तर त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावे.

मापाविषयीही एक शब्द लिहितो, कारण त्यावरून रोज वाद होतात. इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर सहा सूत उरते. चिरलेले माप बिलात लावायचे आणि हातात सहा सूत द्यायचे, ही रीत बंद व्हावी. आम्ही बिलावर चिराईचे माप आणि रंधल्यानंतरचे माप अशी दोन्ही लिहितो. सुरुवातीला गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, आता तेच दुसरीकडे जाऊन हे माप मागतात.

गेल्या डिसेंबरात चिरलेल्या फणसाच्या दोन थप्प्या सध्या आमच्या ओट्यावर आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या उघडू. त्या दिवशी कोणाला ओलावा मोजणे आणि रंधकाम पाहायचे असेल, तर त्यांनी जरूर यावे. आमचा जुना माणूस त्या दिवशी थप्पीपाशीच असेल, आणि झाकण का काढायचे नाही ते तो स्वतः सांगेल.

कळावे,

आपला,
एक लाकूड गिरणी व्यावसायिक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी